हैफातला उन्हाळी हिब्रू वर्ग चालू असताना घरचे समुद्रावर आले तर?

प्रश्न पुण्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. इतिहासात एम.ए. झालंय, बेने इस्राएल या कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या जुन्या मराठी-हिब्रू छापील साहित्यावर काम करायचंय, म्हणून इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या चार आठवड्यांच्या उन्हाळी हिब्रू वर्गात नाव घातलंय. अक्षरओळखीपासून सुरुवात. जुलैत आई-बाबा, आत्या आणि आतेभाऊ दहा दिवसांसाठी यायचं म्हणतायत. त्यांना समुद्र हवाय, तिलाही त्यांच्याबरोबर राहायचंय. पण आधी जाऊन आलेल्या एका मैत्रिणीनं बजावलंय की घरचे आले की हिब्रू बुडालीच समज. तर बोलवू की नको?

बोलवा. पहिल्या आठवड्यात नको आणि शेवटच्या आठवड्यात नको, एवढंच पाळा.

मी मूळची ठाण्याची. घरात मराठी आणि सिनेगॉगमध्ये हिब्रू ऐकत वाढले, आणि आता बरीच वर्षं इथे मोठ्या माणसांना हिब्रू शिकवते. दर उन्हाळ्यात वर्गात कुणाचे ना कुणाचे नातेवाईक येतात. त्यानं काही जणांचा अभ्यास खरंच बुडतो, आणि काही जण त्या दहा दिवसांतच बोलायला लागतात. मी पाहिलंय ते असं की हा फरक हुशारीचा नसतो. घरचे कधी आले आणि त्यांच्यासोबतचे व्यवहार कोणत्या भाषेत झाले, यावर सगळं ठरतं.

आधी वर्गाची घडण समजून घ्या. या वर्गांना इथे उल्पान म्हणतात. १९४९ साली जेरुसलेममध्ये उल्पान एत्सिऑन सुरू झालं ते देशोदेशींहून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना लवकरात लवकर कामापुरती हिब्रू यावी म्हणून. पद्धत तेव्हापासून तीच, हिब्रू शिकवायची ती हिब्रूतूनच. विद्यापीठांचे उन्हाळी वर्गही त्याच साच्यातले. रविवार ते गुरुवार, सकाळी सुरू होऊन दुपारी एक-दीडपर्यंत, वर घरचा अभ्यास. पातळ्यांना अक्षरांचीच नावं आहेत: आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे, वाव. तुम्ही आलेफला बसणार.

पहिला आठवडा अंगावर येतो. अक्षरं २२ आणि त्यातली पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. एवढ्यावर भागत नाही, कारण पुस्तकातली छापील लिपी वेगळी आणि फळ्यावर शिक्षिका लिहिते ती हाताची लिपी वेगळी. उजवीकडून डावीकडे वाचताना डोळे दुखतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत काहींना वरच्या-खालच्या पातळीत हलवलंही जातं. या दिवसांत रोज झोप पुरी व्हायला हवी आणि संध्याकाळ रिकामी हवी. विमानतळावर कुणाला आणायला जायचं असेल तर ते होणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात वर्तमानकाळ बसतो, तिसऱ्यात भूतकाळ हाताशी येऊ लागतो. आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं अडतं. वर्गात विचारलं की उत्तर बरोबर येतं, बाहेर रस्त्यावर तोंड उघडत नाही. पाठ झालेलं असतं, पण बोलायची गरजच पडलेली नसते. वसतिगृहात सगळे आपापसात इंग्रजी बोलतात, दुकानात बोट दाखवून भागतं. या टप्प्यावर तुमच्या आसपास हिब्रू अजिबात न येणारी, तुमच्यावर अवलंबून असलेली चार माणसं आली तर त्याहून चांगलं काही नाही. म्हणून त्यांची तिकिटं दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी संध्याकाळी पोचतील आणि तिसरा आठवडा संपल्यावरच्या शनिवारी रात्री किंवा रविवारी निघतील अशी काढा. दहा दिवस बसतात. चौथा आठवडा उजळणीचा आणि परीक्षेचा, तो तुमचा एकटीचा.

आता घरच्यांमुळे नक्की काय घडतं ते सांगते, कारण माझ्या मते सगळं मर्म यात आहे. वर्गात माणूस दिवसभर ‘मी’ आणि ‘तू’ याच दोन पुरुषांत बोलतो. मी राहते, तू कुठून आलास, मला आवडतं. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ ही रूपं तक्त्यात राहतात. घरच्यांसाठी बोलायला लागलं की पहिल्याच संध्याकाळी ती सगळी लागतात.

समजा दादो किनाऱ्यावर आई आणि आत्या खुर्च्यांत बसल्यात आणि तुम्ही टपरीवर गेलात. ‘श्ने काफे हाफूख, एखाद बली सुकार’, दोन दुधाच्या कॉफ्या, एक बिनसाखरेची. (इथे मी ख लिहितेय तो घशातून घासून काढायचा, आपला खटाऱ्यातला नव्हे.) काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘लाशेवेत ओ लाकाखात?’ बसून पिणार की घेऊन जाणार. मग खायला काय आहे, आणि त्यात अंडं आहे का. ‘ही लो ओखेलेत बेइत्सीम’, ती अंडी खात नाही. बाबांसाठी तेच वाक्य ‘हू लो ओखेल’ होतं. सगळ्यांसाठी मिळून ‘हेम त्सिमखोनीम’, ते शाकाहारी आहेत. पाच मिनिटांत पुल्लिंग, स्त्रीलिंग, अनेकवचन, नकार, संख्या सगळं होऊन गेलं, आणि चुकलं तर आत्याच्या पुढ्यात ऑम्लेट येईल हा धाक होताच. वर्गात मी हे एका तासात करून घेऊ शकत नाही.

पैसे सांगताना तो मुलगा तुम्हाला गोंधळात टाकेल. वर्गात आम्ही ‘श्लोशा श्कालीम’ असं घोकून घेतो, कारण शेकेल, म्हणजे इथलं चलन, पुल्लिंगी आणि त्याला लागणारा संख्याशब्द वेगळा. टपरीवर ऐकू येईल ‘शालोश शेकेल’. बोलीत लोक बहुतेक सगळीकडे स्त्रीलिंगी आकडेच वापरतात. वहीत दोन्ही लिहा. परीक्षेत वर्गातलं लिहायचं, बाजारात दुसरं ओळखता आलं तरी पुरे.

मग रविवारी सकाळी वर्गात ठरलेला प्रश्न येतो, शब्बातला, म्हणजे शनिवारच्या सुटीला, काय केलंस? ज्यांनी खोलीत बसून कपडे धुतले ते दोन वाक्यांत संपतात. तुमच्याकडे मात्र सांगायला काहीतरी असेल: हालाख्नू लायाम, आम्ही समुद्रावर गेलो. अखाल्नू, राइनू, आम्ही खाल्लं, आम्ही पाहिलं. ‘आम्ही’ची ही ‘नू’वाली रूपं एकट्या विद्यार्थ्याच्या तोंडी बसायला फार वेळ लागतो. शनिवारी रात्री झोपण्याआधी दिवसभरात काय काय झालं ते सात-आठ वाक्यांत हाताच्या लिपीत लिहून काढा आणि सकाळी शिक्षिकेला दाखवा. चूक दुरुस्त व्हायला वर्ग दुसऱ्याच दिवशी आहे, म्हणूनच घरच्यांना वर्ग संपल्यावर बोलवण्यापेक्षा मध्ये बोलवणं मला जास्त पटतं.

समुद्रावर आणखी एक शिक्षक असतो, तो म्हणजे जीवरक्षक. इथले जीवरक्षक मनोऱ्यात बसून लाउडस्पीकरवरून सबंध किनाऱ्याशी बोलत असतात, कधी रागावतात, कधी समजावतात. ‘हायेलेद इम हाकोवा हाअदोम, बो यामीना!’ लाल टोपीवाला मुलगा, उजवीकडे ये. नामाला लागतो तो ‘हा’ (इंग्रजीतल्या the सारखा) विशेषणालाही लागतो हे आम्ही फळ्यावर तीनदा सांगतो, तिथे ते एका हाकेत कानात बसतं. हाक गेली की पाण्यात कोण हलतं ते दिसतं, म्हणजे अर्थही तिथल्या तिथे ताडून पाहता येतो. अर्धा तास फोन पिशवीत ठेवून फक्त ते ऐका. आतेभावाला सोबत घ्या. त्याला उजवं-डावं, आत-बाहेर एवढे चार शब्द शिकवलेत तर तोही ओळखायला लागेल, आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं पक्कं होतं.

झेंडे मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवून ठेवा. पांढरा म्हणजे पोहायला हरकत नाही, लाल म्हणजे धोका आहे, काळा म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. आपल्याकडे लाल म्हणजे शेवटचा शब्द, इथे काळा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असते, त्यामुळे कोकणातला माणूस पाणी पाहून निर्धास्त होतो. पण आत ओढणारे प्रवाह इथेही आहेत आणि लाटेचा जोर काठावरून कळत नाही. संध्याकाळी जीवरक्षकांची पाळी संपते, वेळ फलकावर असते. त्यानंतर पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. जुलैत जेलीफिशच्या झुंडी येतात. चटका बसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, गोड्या पाण्यानं नाही, आणि चोळायचं नाही. आत्याला पुरुषांसमोर पाण्यात उतरायला अवघड वाटत असेल तर रामबाम रुग्णालयाजवळच्या होफ हाशाकेत किनाऱ्यावर बायकांचे आणि पुरुषांचे वार वेगळे असतात. नाहीतर पंजाबी ड्रेसवर पाण्यात गेलात तरी कुणी वळून बघत नाही.

रोजचं वेळापत्रक कसं असावं? वर्ग सुटला की थेट समुद्राकडे पळू नका. दुपारचं ऊन तसंही आई-बाबांना सोसणारं नाही, त्यांना जेवून पडू द्या. तुम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसा आणि घरचा अभ्यास तिथेच संपवून उठा. ‘रात्री करू’ म्हटलेला अभ्यास समुद्रावरून आल्यावर कुणाच्यानं होत नाही, खारं अंग आणि जड डोळे घेऊन क्रियापदं चालवता येत नाहीत. पाचच्या सुमारास निघा. जुलैत सूर्य पावणेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे अडीच तास निवांत मिळतात. विद्यापीठ कार्मेल डोंगराच्या माथ्यावर आणि किनारा पायथ्याशी, त्यामुळे उतरायला-चढायला लागणारा वेळ हिशेबात धरा. घरच्यांची खोली वर विद्यापीठाजवळ न घेता खाली बात गालीममध्ये किंवा होफ हाकार्मेल स्थानकाच्या बाजूला घ्या, म्हणजे ते तुमच्यावाचूनही सकाळी पाण्यावर जाऊ शकतील. हे फार महत्त्वाचं आहे. दहाही दिवस सकाळपासून तुमची वाट बघत बसणारे आई-बाबा असले की मन वर्गात राहत नाही.

शुक्रवारी दुपारपासून गावाचा रंग बदलतो. दुकानं लवकर मिटतात, आगगाड्या थांबतात, आणि त्या सुरू होतात शनिवारी रात्री. हैफा या बाबतीत सैल आहे, इथे शनिवारीही काही बस धावतात, पण लांबचा प्रवास त्या दिवशी ठरवू नका. शुक्रवारी सकाळी वादी निस्नासच्या बाजारात जा. तो अरबी वस्तीचा भाग, तिथे अरबी आणि हिब्रू एकाच वाक्यात ऐकू येतील. हुमुस, फलाफल, वांगं घातलेलं साबीख (त्यातलं उकडलेलं अंडं वगळून मागा), कलिंगड आणि खारट पांढरं चीज, शाकाहारी मराठी माणसाची अजिबात उपासमार होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिशा बेआव हा उपासाचा दिवस येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी बरीच हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं बंद असतात, तेव्हा त्या वर्षीची तारीख आधी बघून ठेवा.

आता मैत्रिणीच्या इशाऱ्याकडे येते. तिचं म्हणणं खोटं नाही. घरचे आल्यावर हिब्रू बुडते ती समुद्रामुळे नव्हे, इंग्रजीमुळे. चार पाहुणे बघितले की इथला माणूस मदत म्हणून लगेच इंग्रजी सुरू करतो, आणि बाबांनाही इंग्रजी येत असतं, त्यामुळे ते परस्पर बोलून मोकळे होतात. दोन दिवसांत तुमची गरजच संपते. म्हणून घरच्यांशी आधीच ठरवून घ्या: आपसात मराठी, दुकानदाराशी फक्त तुम्ही आणि फक्त हिब्रूत. बाबांना दहा दिवस इंग्रजी बाजूला ठेवायला सांगा, लेकीसाठी ते नक्की ऐकतील. समोरचा इंग्रजीवर आला तर हसून ‘बेइव्रीत, बेवाकाशा, अनी लोमेदेत’ म्हणा, हिब्रूत बोला ना, मी शिकतेय. शिकतेय म्हटलं की लोक थांबतात, हळू बोलतात, चुका सुधारतात. तुम्ही आपसात मराठी बोलताय हे ऐकून त्यांनाही इंग्रजीचा आग्रह उरत नाही.

आणि मराठीतून हिब्रूकडे जाणं इंग्रजीतून जाण्यापेक्षा जवळचं आहे, हे मी मनापासून सांगते. माझ्या वर्गातले अमेरिकन विद्यार्थी लोमेद आणि लोमेदेत यांत आठवडेच्या आठवडे अडखळतात. बोलणारा पुरुष की बाई यावर क्रियापद का बदलावं हेच त्यांना कळत नाही. ‘मी शिकतो’, ‘मी शिकते’ म्हणत वाढलेल्याला यात समजवायचं काय? त्सादी अक्षर त्यांच्या जिभेला जड जातं, आपल्याकडे ‘चाक’ आणि ‘चमचा’ यातला च तोच आहे. फक्त ट आणि ड विसरा, त आणि द म्हणा. इंग्रजी शाळेच्या सवयीनं आपली मुलं ‘टोव’ म्हणतात, ते ‘तोव’ आहे. वहीतल्या टिपा मराठीत काढा. उच्चार देवनागरीत लिहायचा तो पहिले तीन-चार दिवसच, पुढे ती काठी सोडायची. मराठीतून हिब्रू व्याकरण हा काही नवा उद्योग नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मुंबईत बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत छापली होती, आणि तुमच्या विषयात तो ग्रंथ कधी ना कधी समोर येईलच.

तुमच्या विषयावरून आणखी एक. घरच्यांच्या मुक्कामातला एखादा दिवस दिमोना, लोद किंवा अश्दोदसाठी ठेवता आला तर बघा. कोकण-मुंबईहून आलेली आमची बेने इस्राएल कुटुंबं या गावांत मोठ्या संख्येनं आहेत. पेणकर, रोहेकर, नागावकर ही नावं इथल्या दारांवर हिब्रू अक्षरांत वाचायला मिळतात, आणि ती वाचणं हा आलेफच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम धडा आहे, कारण इथे स्वरचिन्हं नसतात पण नाव तुम्हाला आधीच ओळखीचं असतं. घरातल्या आजी-आजोबांशी आई-बाबा मराठीत गप्पा मारतील, नातवंडांना मात्र बहुधा हिब्रूच येते. मधे बसून दोन्हीकडचं पोचवायचं काम तुमच्याकडे येईल. दिमोना हैफापासून लांब आहे, वर्गाच्या दिवशी होणार नाही. लोद त्या मानानं सोपं. शनिवारी वाहन नसतं आणि घरं शब्बात पाळणारी असू शकतात, म्हणून शुक्रवारी सकाळी जाऊन दुपारपूर्वी निघा.

पुण्यात १८७४ साली छापलेली हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, तुम्हाला ठाऊक असेल, हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेली. उल्पानमध्ये शिकवतात ती आजची बोलायची हिब्रू, त्यामुळे आलेफ संपवून जुना मजकूर समजेल अशी आशा धरू नका. पण हगादेला निकूद, म्हणजे स्वरचिन्हं असतात. चार आठवड्यांनी ती संथ का होईना, मोठ्यानं वाचता येईल, आणि मराठी शेजारी असल्यामुळे धागा लागत जाईल. तिची चार पानं झेरॉक्स करून सोबत आणा. एखाद्या संध्याकाळी बाबांना मराठी वाचायला लावा, तुम्ही हिब्रू वाचा.

सुरक्षिततेबद्दल सरळ बोलते. ऑक्टोबर २०२३ पासून इथली परिस्थिती कधी निवळते, कधी बिघडते, आणि उत्तरेकडचं हैफा त्यातून सुटलेलं नाही. तिकिटं काढण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना बघा. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. होम फ्रंट कमांडचं, म्हणजे लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाचं, हल्ल्याचा इशारा देणारं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर हवं. खोली ठरवताना घरातच सुरक्षित खोली आहे का, नसेल तर इमारतीचा निवारा किती जिने खाली आहे हे विचारा. आत्याचे गुडघे दुखत असतील तर याच प्रश्नावर जागा ठरवा. आणि त्या वेळी दूतावासानं येऊ नका म्हटलं असेल तर घरच्यांना आणू नका, वर्गाबद्दलही विद्यापीठाला स्पष्ट विचारा. अभ्यास पुढच्या उन्हाळ्यातही होतो.

घरचे परतले की सोमवारपासून परीक्षेची तयारी. दहा दिवसांत वहीत जमलेले टपरीवरचे, बसमधले, फलकावरचे शब्द बाजूला काढा आणि प्रत्येक क्रियापदाचं मूळ, म्हणजे ज्यांच्यापासून ते घडतं ती सहसा तीन अक्षरं, समोर लिहा. पाठ्यपुस्तकात तेच मूळ कुठल्या धड्यात आहे ते शोधत गेलात की निम्मी उजळणी होऊन जाते. परीक्षा झाल्यावर निघण्यापूर्वी कार्यालयातून प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर पातळीचं नाव, एकूण तास आणि गुण तिन्ही लिहिलेत का ते तिथेच तपासा. पुढच्या वर्षी बेतला बसायचं असेल किंवा पुण्यात श्रेयांक मागायचे असतील तर हाच कागद लागतो, आणि तो नंतर परदेशातून मागवताना महिने जातात.